सवारी: हवालदार निकम

हे मी कुणाला सांगणारच नव्हतो. पण आता मंडळातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक झालंय, आणि जो तो पदरचा मसाला घालून सांगतोय. कुणी म्हणतं निकम रडले. कुणी म्हणतं निकमांना देवी पावली. म्हटलं, फजिती आपली आहे तर आपणच सांगावी. निदान माप तरी बरोबर राहील. चहा घ्या. मधे बोलू नका.

मी ड्रायव्हर. शाळा सातवीपर्यंत, तीही गुरुजींच्या दयेनं. पण फौजेत चोवीस वर्षं गाडी चालवली. बर्फात, वाळूत, घाटात. डाव्या हाताला साहेब आणि उजव्या हाताला दरी, अशी चालवली. दोन्ही सांभाळले. शेवटची पोस्टिंग जयपूरला होती. पेन्शन झाली आणि तिथंच खातीपुऱ्यात घर बांधलं. गाव आमचं माण तालुक्यातलं. तिथं पाणी नव्हतं, इथंही नव्हतं. म्हटलं, मग परत जाऊन फरक काय पडणार?

फौजेनं मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, गाडी हलवण्याआधी तिच्याभोवती फेरी मारून सगळं तपासायचं. दुसरी, कागदावर एकदा लिहिलं म्हणजे लिहिलं. खाडाखोड नाही. या दोन गोष्टींवर मी आयुष्य काढलं. आणि याच दोन गोष्टींनी मला भर गल्लीत आडवा पाडला.

आमच्या मंडळींचं नाव शालन. गेल्या माघात ती न्हाणीघरात घसरली आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. हातात वॉकर आला. डॉक्टर म्हणाले, चालवा. व्यायामाला फिजिओची एक पोरगी घरी येई, पण चालवायचो मी. पलंगापासून व्हरांड्यापर्यंत आणि व्हरांड्यापासून पलंगापर्यंत, दंड धरून. व्हरांड्याला चार पायऱ्या आहेत, त्यांच्याखाली गल्ली. पायरीला पाय लावायचा नाही, असा माझा हुकूम होता. घरात हुकूम एकाचाच चालतो. असं मला तेव्हा वाटत होतं.

तिला बाहेर नेऊन पाहिलं नाही असं नाही. पायऱ्यांवरून शेजारची पोरं उचलून खाली ठेवायची. दवाखान्यातली माणसं एक-दोनदा उचलून घेऊन गेली, ते सोडा. रिक्षात चढायला वाकावं लागतं, आणि तिचा खुबा वाकवायचा नाही. टॅक्सीची सीट इतकी खाली, की बसली तर उठवायला क्रेन मागवावी लागेल. बसची पहिली पायरी माझ्याच गुडघ्याएवढी. मी तिला धरून चढवतोय, तोवर कंडक्टर म्हणाला, "ताऊ, अम्मा को घर पर बिठाओ ना!" आणि शिट्टी मारली. कंडक्टरला मी काय म्हणालो ते चहाच्या टेबलावर सांगण्यासारखं नाही. पण शालननं त्या दिवसापासून बाहेर जायचं नाव काढलं नाही.

आता भोंडल्याचं ऐका. नवरात्रात इथल्या आमच्या मराठी मंडळाचा भोंडला सी-स्कीम भागातल्या एका हॉलमध्ये असतो. पाटावर हत्ती काढतात, भोवती बायका-पोरी फेर धरतात. गाणी सांगायला बावीस वर्षं शालन. इथल्या पोरींचं मराठी तुम्हाला माहीत आहे. फेर धरता धरता विचारतात, "काकू, मतलब, पुढची लाइन काय?" शालन सांगते, मग गाडी पुढं जाते.

या वर्षी कुलकर्णी वहिनींचा फोन आला. त्यांचे मिस्टर विम्यात अधिकारी आहेत, आणि वहिनी मंडळाच्या सगळंच आहेत. म्हणाल्या, "काकू, तुम्हाला जमणार नसेल तर यंदा गाणी मोबाइलवर लावू का?"

शालन म्हणाली, "लावा की."

फोन ठेवला आणि मेथी निवडायला बसली. निवडून झाली. निवडलेली मेथी पुन्हा निवडायला घेतली.

मी ते पाहिलं. म्हटलं, शालन भोंडल्याला जाणार. पाच वाजता म्हणजे पाच वाजता. मोबाइल गेला खड्ड्यात.

गाडीचा पत्ता कुलकर्णी वहिनींनीच दिला. म्हातारी माणसं, अपंग माणसं, ज्यांना साध्या गाडीत चढता येत नाही, त्यांना घरून नेऊन परत आणून सोडणारी एक व्हॅन शहरात निघालीय. मागचं दार उघडतं, उतरण खाली येते, चाकांच्या खुर्चीसकट माणूस आत. फक्त फॉर्म भरायचा. वहिनींच्या मिस्टरांनी फॉर्म आणून दिला. मी चष्मा लावला आणि पेन घेतलं.

पहिली ओळ होती, नाम.

आता हसण्याआधी माझी बाजू समजून घ्या. फौजेत बायकोला वेगळा कागद नसतो. दवाखाना असो, कँटीन असो, रेल्वेचा पास असो. वरच्या ओळीत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव. बायको खाली, डिपेंडंट म्हणून. शालनला टायफॉइड झाला तेव्हा पहिल्या ओळीत माझं नाव. तिची दाढ काढली तेव्हा पहिल्या ओळीत माझं नाव. अहो, ती बाळंत झाली तेव्हाही वरती हवालदार निकमच! तेव्हा कुणी हसलं नाही. तुम्हीही हसू नका.

तर पहिल्या ओळीत मी लिहिलं, हवालदार म. बा. निकम. वय पंचाहत्तर. पुढं पुरुष की स्त्री असं होतं. वर नाव माझं, म्हणून पुरुषावर खूण केली. सोबत कोण? शालन निकम. तक्रार काय? बायाँ कूल्हा, ऑपरेशन. खाली विशेष सूचनेची जागा होती. शालनला गाडी लागते. लग्न करून आणली त्या दिवसापासून लागते. ड्रायव्हरची बायको, आणि गाडी लागते! नशीब म्हणायचं. म्हणून मी मोजक्या शब्दांत लिहिलं: उल्टी. घबराहट. हाथ पकड़ना. गाड़ी धीरे.

लिफाफा चिकटवला. वर सही केली. कुलकर्णींना उघडून बघायला जागाच ठेवली नाही.

दोन दिवसांनी व्हॅनवाल्यांच्या ऑफिसातून एका बाईंचा फोन आला. "निकमजी, फॉर्म के बारे में एक बात पूछनी थी..."

मी म्हणालो, "मैडम, फॉर्म में सब लिखा है."

"जी, वो तो है, बस सवारी का..."

"जो लिखा है, वही है. पक्का."

फोन ठेवला. शालन आतून म्हणाली, "त्या बाईला बोलू तर द्यायचं."

"काय बोलायचंय? लिहिलंय की!"

भोंडल्याच्या दिवशी शालन तीन वाजल्यापासून तयार होती. हिरवी काठाची साडी, केसात गजरा, हातात खिरापतीचा डबा. डब्यात काय आहे हे मलाही सांगितलं नाही. भोंडल्यात खिरापत ओळखायची असते ना, फोडायची नसते. आठ महिन्यांनी तिच्या तोंडावर पावडर दिसली. व्हरांड्यात वॉकर धरून उभी राहिली आणि सारखी गल्लीच्या तोंडाकडं बघत होती.

चारला गाडी आली. बरोबर चारला. मला बरं वाटलं. ड्रायव्हरचं नाव भंवरजी. मिशी चांगली होती. मदतनीसाचं नाव ऑफिसनं संतोष असं कळवलं होतं. मी एखादा दणकट गडी धरून चाललो होतो. उतरली ती चाळिशीची दणकट बाई! राजस्थानात संतोष बाईमाणसाचं नाव असतं. इतकी वर्षं इथं काढून हे मी विसरलो. तिथंच मला कळायला हवं होतं, की आजचा दिवस आपला नाही.

मी आधी गाडीकडं गेलो. फौजेत याला फर्स्ट परेड म्हणतात. चारी टायरना लाथ घालून बघितली. वाकून खाली तेल गळतंय का ते पाहिलं. मग भंवरजींना म्हणालो, "बोनट खोलो."

"क्यों, बाबूजी?"

"ऑइल देखना है."

भंवरजींनी संतोषकडं बघितलं. संतोषनं हातातल्या कागदाकडं बघितलं. मग ती माझ्याजवळ आली, आणि लहान मुलाशी बोलतात तशा आवाजात म्हणाली, "बाबूजी, गाड़ी एकदम ठीक है. डर लग रहा है?"

मला? डर?

आमची गल्ली उताराची आहे. भिंतीजवळची एक वीट उचलली आणि मागच्या चाकाला लावली. हँडब्रेकवर भरवसा ठेवून मेलेले ड्रायव्हर मी पाहिलेत.

तोवर संतोषनं खुर्ची खाली उतरवली होती. सीटवर हात आपटून म्हणाली, "बिराजो, बाबूजी."

"मैं नहीं. वो." मी व्हरांड्याकडं बोट केलं.

"वो तो साथ में जाएँगी. सवारी आप हो." आणि तिनं कागद वाचायला सुरुवात केली. आवाज केवढा! समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायका हात थांबवून ऐकायला लागल्या. "हवलदार म. बा. निकम. पुरुष. पचहत्तर साल. बायाँ कूल्हा. उल्टी. घबराहट. हाथ पकड़ना."

मी म्हणालो, चूक झाली. हे शब्द माझ्या तोंडून किती वर्षांनी निघाले असतील ते शालनला विचारा. "नाम काट दो. उसका लिख दो."

संतोष म्हणाली, "काटा-पीटी नहीं चलती, बाबूजी. जिसका नाम, उसकी कुर्सी. कुर्सी खाली, तो ट्रिप कैंसल. नया फॉर्म भरो, तीन दिन लगेंगे."

खाडाखोड चालत नाही! माझाच नियम! जन्मात पहिल्यांदा तो मला आवडला नाही.

भंवरजींनी ऑफिसला फोन लावला. पलीकडं तीच बाई. फोन मोठ्या आवाजावर होता. "सर से मैंने पूछा था! उन्होंने कहा, जो लिखा है वही है. पक्का!"

भंवरजी माझ्याकडं बघत राहिले. मी टायरकडं बघत राहिलो.

"काय झालं वो?" व्हरांड्यातून शालननं विचारलं.

सांगितलं. सांगावंच लागलं. सवाचार झाले होते. तिनं सगळं ऐकलं. पदर तोंडावर धरला. मला वाटलं, रडती. पदर काढला तर हसत होती.

"बसा," ती म्हणाली.

"शालन, मी चालता-बोलता माणूस..."

"एक्कावन्न वरसं तुमच्या नावावर मी दवाखान्यात बसले. आज माझ्या दुखण्यावर तुम्ही बसा."

"अगं, पण लोक..."

"लोकांचं ऱ्हाऊ द्या. पाच वाजायला आलं. बसा म्हणते न्हवं!"

बसलो.

आता एक खरं सांगतो. बांधणी चांगली होती. ढकलत मला आत नेलं आणि खुर्चीला चार बाजूंनी पट्टे लावून जमिनीतल्या कड्यांना आवळलं. वर छातीवरून एक पट्टा, कमरेवरून एक. ड्रायव्हर असताना मी डिझेलची पिंपं अशीच बांधायचो. एकही पिंप कधी हललं नाही. आता पिंपाला काय वाटत असेल ते कळलं.

मग संतोष माझ्या शेजारी बसली आणि माझा हात धरला. घट्ट.

"हाथ छोड़ो."

"लिखा है, बाबूजी."

एवढ्यात मागच्या उघड्या दारातून मला व्हरांडा दिसला. शालननं वॉकर भंवरजींच्या हातात दिला होता. एक हात कठड्यावर. आणि पाय पहिल्या पायरीवर!

"शालन! थांब! पायरीला पाय लावू नको!"

"घबराइए मत, बाबूजी."

"अरे, उसको पकड़ो! गिरेगी!"

"नहीं गिरेगी. लंबी साँस लो."

मी उठायला गेलो. पट्ट्यांनी मला जागच्या जागी बसवलं. भंवरजी खाली दोन्ही हात पसरून उभे होते, पण शालननं त्यांच्याकडं बघितलंही नाही. दुखरा पाय आधी खाली. मग चांगला. थांबली. दुखरा पाय आधी, मग चांगला. हात कठड्यावरून सरकत होता. मी मोजत होतो. एक. दोन. तीन. चौथीवर ती थोडी जास्त थांबली. मग गल्लीत पाय टेकला, वॉकर घेतला, त्याच चालीनं उतरणीवरून वर आली आणि माझ्या शेजारच्या उंच सीटवर बसली. डबा माझ्या मांडीवर ठेवला.

"पायऱ्या कुणी शिकवल्या?" मी विचारलं.

"फिजिओच्या पोरीनं."

"कधी?"

"तुम्ही दुधाला जाता तवा. रोज. चार खाली, चार वर. दोन महिनं झालं."

दुधाला मला अर्धा तास लागतो. डेअरीवर दोन पेन्शनर भेटतात. तिथं मी रोज सांगत होतो, की आमच्या मंडळींना एक पाऊल एकटं टाकता येत नाही, सगळं मलाच बघावं लागतं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दूध बंद केलं असतं."

छातीवरचा पट्टा जरा घट्टच होता.

दार लागलं. इंजिन सुरू झालं. भंवरजींनी मागं बघितलं आणि रिव्हर्स टाकला. तेव्हा मला आठवलं.

"ईंट!" मी ओरडलो.

संतोषनं हात थोपटला. "हाँ, बाबूजी. ईंट."

"अरे, पीछे ईंट है!"

"कुछ नहीं है पीछे. आगे देखिए, कितना अच्छा पेड़ है."

शालनला माहीत होतं. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी मला वीट लावताना पाहिलं होतं. पण तिला हसू आवरेना, बोलणार कशी? गाडी मागं गेली, धाडकन अडली. माझ्या मांडीवरचा डबा खणखणला. भंवरजी उतरले. मागं गेले. वीट हातात घेऊन खिडकीपाशी आले आणि मला दाखवली. ड्रायव्हरनं ड्रायव्हरला एवढं दाखवलं तरी पुरतं.

मग आम्ही निघालो. 'गाड़ी धीरे' असं मीच लिहिलेलं. भंवरजींनी ते वेदवाक्य मानलं. पुलावर ई-रिक्षानं आम्हाला मागं टाकलं. तिच्यात बाजरीची चार पोती होती. त्या पोत्यांकडं मी काय नजरेनं बघितलं!

"तीसरा गियर डालो," मी म्हणालो.

"घबराइए मत," संतोष म्हणाली.

"इंजन रो रहा है. तीसरा डालो!"

तिनं एक पिशवी उघडून माझ्या हनुवटीखाली धरली. "उल्टी आए तो इसमें."

बघा आता! खड्डा आला म्हणून बोललो, तर घबराहट. ब्रेक उशिरा दाबला म्हणून बोललो, तर घबराहट. गप्प बसलो, तर पिशवी. तिनं धरलेल्या हातापुढं आणि हनुवटीखालच्या पिशवीपुढं माझी चोवीस वर्षांची ड्रायव्हरी मी सोडून दिली. शालन खिडकीतून बाहेर बघत होती. नवीन दुकानं मोजत होती. "हे कवा झालं? आन् हे?" असं विचारत होती. आठ महिन्यांत शहरानं तिला न विचारता काय काय बांधून ठेवलं होतं.

पाचला दहा कमी असताना हॉलपाशी पोचलो. उतरण खाली आली. आधी मी, मग शालन. दारात कुलकर्णी वहिनी.

"अगं बाई! काका! हे कधी झालं?"

"काही झालं नाही."

वहिनींनी संतोषला हळूच विचारलं, "बोल पाते हैं?"

"बोलते तो बहुत हैं," संतोष म्हणाली.

झालं! माझ्याभोवती गर्दी. कुणी पाणी आणलं, तेही नळी घालून. एक पोरगी थाळीनं वारा घालायला लागली. वैद्य आजी नव्वदीच्या आहेत, त्यांनी माझी हनुवटी धरली आणि डोळ्याला पदर लावला. "केवढा ताठ माणूस होता हो!" होता म्हणाल्या, होता! मी बोलायला तोंड उघडलं, की संतोष पिशवी पुढं करी. या सगळ्या गोंधळात शालनकडं एकीचंही लक्ष नव्हतं. ती वॉकर टेकत सगळ्यांच्या मागून शांतपणे हॉलमध्ये निघून गेली.

मला ढकलत आत नेलं. जागा सपाट म्हणून नेऊन उभं केलं ते कुठं? मधोमध. हत्तीच्या पाटाशेजारी! "सही का काग़ज़ लेकर आती हूँ, तब पट्टा खुलेगा," असं म्हणून संतोष गाडीकडं गेली.

माइकवर वहिनी. "मैत्रिणींनो, स्वतःची अशी अवस्था असतानाही आपले निकमकाका आज काकूंना घेऊन आले. टाळ्या!"

टाळ्या. आणि पोरींनी एकमेकींचे हात धरले. एक म्हणाली, "काकांना राहू दे इथंच. मतलब, हत्तीबरोबर त्यांच्यापण भोवती फिरू!"

मी हवालदार निकम. छातीला पट्टा, मांडीवर खिरापत, शेजारी हत्ती, आणि भोवती पन्नास बायका. पुरुष मी एकटा. हत्तीची गणती तुम्ही करा.

मोबाइलवरचं गाणं लावायची तयारी सुरू झाली. कारण गाणी सांगणारी दिसत नव्हती. मी मान वळवून बघितलं. शालन भिंतीपाशी उभी होती. हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, सगळ्या बुटक्या. तिनं एकीला हात लावून पाहिला, उंची बघितली, आणि हात मागं घेतला. दुसरीपाशी गेली. तीही तशीच. तिच्या पायाला आता कंप सुटला होता. चार पायऱ्या, उतरण, हॉल. तिला बसायला हवं होतं. आणि त्या सगळ्या हॉलमध्ये तिला चालेल अशी उंच खुर्ची एकच होती. तिच्यात मी बसलो होतो!

कसली सही आणि कसलं काय. पट्टा सोडायला ड्रायव्हरला कागद लागत नाही. दोन खटके दाबले, डबा पाटाजवळ ठेवला आणि उभा राहिलो.

"उभा राहिला!" वैद्य आजी किंचाळल्या. "आई अंबाबाई! उभा राहिला गं!"

हात जोडले गेले. दोघी-तिघींनी हत्तीच्या पाटाला डोकं टेकलं. वहिनी माइकवरून ओरडल्या, "काका उभे राहिले! काका चालताहेत!"

"मी चालतोच!" मी ओरडलो. "मला काही झालेलं नाही! खुबा हिचा आहे!"

कोण ऐकतंय! टाळ्या चालू. मी खुर्ची ढकलत शालनपाशी नेली. चाकं सरळ केली, ब्रेक लावला, हलवून पाहिला, पुन्हा लावला.

"बस," मी म्हणालो.

बसली. मी तिला मधोमध, हत्तीशेजारी नेलं. तिनं एकदा पोरींकडं बघितलं, एकदा त्या मोबाइलकडं, आणि गाणं सुरू केलं. पहिल्या ओळीला आवाज जरा चिरका लागला. दुसऱ्या ओळीला बसला. मोबाइल कुणी बंद केला ते मी पाहिलं नाही. मी बाजूला झालो. भोंडल्यात पुरुषाचं काम नसतं.

दोन तास भिंतीला टेकून उभा होतो. आता पाय खरोखरच दुखत होते. पण ज्याला नुकतीच देवी पावली त्याला खुर्ची कोण देणार?

पहिलं गाणं संपता संपता संतोष कागद घेऊन परत आली. खुर्चीत शालन. भिंतीपाशी मी. तिनं कागद वाचला. मला बघितलं. शालनला बघितलं. डोक्यात उजेड पडला असावा.

"बाबूजी, ये कूल्हा किसका है?"

"उसका."

"उल्टी?"

"उसकी."

"और घबराहट?"

मी उत्तर देण्याआधी हत्तीपासून शालनचा आवाज आला. दोन गाण्यांच्या मधे, श्वास घेता घेता. "वो इनकी!"

परत येताना मला पुन्हा बांधलं. नियम म्हणजे नियम. उतरताना संतोषनं पावती दिली. शेरा लिहायच्या जागी लिहिलं होतं: सवारी घबराती है. पत्नी साथ हो तो ठीक रहती है. माझ्या सहीच्या बरोबर वर. मी खोडलं नाही. कागदावर लिहिलं म्हणजे लिहिलं.

आता शालनला दिवाळीच्या फराळाला मंडळात जायचंय. काल नवीन फॉर्म आला. मी पेन उघडलं, तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं. पहिल्या ओळीत लिहिलं, शालन निकम. सावकाश, एकेक अक्षर. एक्कावन्न वर्षांत पहिल्यांदा पहिल्या ओळीत. मग खाली आली. सोबत कोण, यावर माझं नाव. नातं काय, यावर थोडा विचार केला आणि लिहिलं, डिपेंडंट.

ते मी गिळलं.

विशेष सूचनेची जागा तिनं तशीच कोरी सोडली. मी म्हणालो, "उलटी लिही. तुला गाडी लागते."

"आता न्हाई लागत."

"त्या दिवशी?"

"जाताना न्हाई, येताना न्हाई. कायबी झालं न्हाई."

मी चकित! खुब्याच्या ऑपरेशननं गाडी लागायची थांबते, हे डॉक्टरांनी सांगितलंच नव्हतं. तिला तसं म्हणालो.

शालननं पेनाला टोपण लावलं. फॉर्मची घडी घातली. म्हणाली, "आवं, खुब्याचा काय संबंध? त्या दिवशी तुम्ही चालवत नव्हता."